पुढचा ब्रेक

हिला केबल नाही. दांड्या आहेत.
हँडलखालून निघतात, गुडघ्यासारख्या वळतात,
चाकापाशी पोचून नालेच्या आकारात थांबतात.
मूठ दाबली की दांडी वर ओढली जाते
आणि रबर रिमला आतून भिडतं.
एवढंच. सगळं उघड्यावर.
म्हणून मला ही जात आवडते.

लेतेब्रहान, तू म्हणालीस, विकायची आहे,
ब्रेक लागले म्हणजे झालं.
लागले म्हणजे झालं?
अस्मारातून नेफासितकडे जी वाट उतरते ना,
तिथे धुक्यात वळण आधी ऐकू येतं, मग दिसतं.
वरून ट्रक, खालून उंटांची रांग,
आणि मधे तू, वडिलांच्या सायकलवर.
लागले म्हणजे काय, ते तिथे कळतं.

बस. त्या डब्यावर बस, त्यात खिळे आहेत, पालथा करू नकोस.

आधी रॉकेल. चार बोटं बुडतील एवढं.
सांध्यांत तीस वर्षांची माती,
माती कसली, माती आणि ग्रीसचं लग्न.
मागची दांडी सुटली. तिची खिट्टी चेपलीय,
कानशीने घासली तर चालेल,
नाहीतर मेदेबेरच्या बाजारात जाऊ,
तिथे अबेबे नावाचा एक माणूस
तुटक्या खाटांतून नवीन खिट्ट्या काढतो.

आता मागचं रबर बघ.
झिजून कागद झालंय. एका बाजूला तर धातूच रिमला लागलाय,
बघ, ही चकचकीत रेघ.
रोज वापरला, वर्षानुवर्षं. बाजार, शाळा, बेकरी, चर्च,
पावसात, उतारावर, सगळीकडे हाच एक.

आणि हे पुढचं.
नखाने दाबून बघ.
दगड झालाय. पण झिजलेला नाही.
कारखान्याचा ठसा अजून वाचता येतो.

मी चाळीस वर्षं हे काम करतो.
पुढचा ब्रेक न वापरणारा माणूस
मला एकदाच भेटला होता, तो वेडा होता.
शहाणा माणूस पुढचाच आधी दाबतो,
जास्त जोर तिथेच असतो.
तुझे वडील वेडे नव्हते. टपाल खात्यात होते.
मग?

तू काही बोलत नाहीयेस.
थांब, मी दांडीचा आडवा नळ पुसतो.
इथे रंग उडालाय. मधोमध, तळहाताएवढा.
इथे एक उशी बांधलेली असणार,
दोरीचे वळ आहेत.

कोणी बसायचं इथे?

(पुढचा ब्रेक जोरात दाबला
तर नळावर बसलेलं पोर
हँडलवरून उडतं, बाई.
म्हणून त्याने कधी दाबलाच नाही.
हे मी मनात म्हटलं. तू आधीच रडत होतीस.)

मी रबर कापायला घेतलं.
लॉरीच्या जुन्या टायरचं, काळं, चिवट,
करवतीला वास येतो, जळकट, थोडा गोड.
चार तुकडे. कडा तिरप्या. मधे खाच.
तू म्हणालीस, पुढचं जुनंच राहू दे का.
नाही, मी म्हणालो. दगड राहून कोणाचं भलं होत नाही.
ते तुकडे मी वर्तमानपत्रात बांधून तुला दिले.
त्याचे पैसे लावले नाहीत.

दांड्या बसल्या. रिम तीन आऱ्यांनी सरळ केली.
सगळं मिळून दोन तास,
त्यात तुझा एक शब्द: किती.

जा, गल्लीच्या टोकापर्यंत चालवून ये.
नवं रबर आहे, ओरडेल. ओरडू दे.

तू गेलीस. टोकाशी वळलीस.
परतीच्या उतारावर माझ्या दुकानासमोर
रबर किंचाळलं आणि तू थांबलीस,
उजवी मूठ घट्ट,
डावीवर बोटं नुसती ठेवलेली,
सैल, पांघरूणासारखी.

डावीही दाब, मी ओरडलो.
तिथे आता कोणी बसलेलं नाही.

मग जीभ चावली
आणि हात पुसत आत गेलो.
हात खरं तर पुसण्यासारखे उरलेच नव्हते.